चेहऱ्याचा मज्जातंतू किती वाचला?

सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या एका कोपऱ्यातून गळायला लागतं आणि बहुतेकांना तिथेच पहिल्यांदा शंका येते. आरशात पाहावं तर एक डोळा मिटत नाही, कपाळावर एकाच बाजूला आठ्या पडतात, हसायला गेलं की तोंड एकीकडे ओढलं जातं. ‘तोंडावरून वारं गेलं’ म्हणून घरात धावपळ सुरू होते. कुणी कानाला मफलर गुंडाळतं, कुणी मालिश करणाऱ्याचा पत्ता काढतं. दवाखान्यात डॉक्टर भुवया वर करायला सांगतात, हातापायांची ताकद बघतात, दोन वाक्यं बोलायला लावतात. कपाळाची ती बाजूही हलत नसेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर बिघाड मेंदूत नाही, चेहऱ्याच्या मज्जातंतूत आहे. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात. त्यामुळे मेंदूच्या झटक्यात कपाळ बहुधा शाबूत राहतं. ‘बेल्स पाल्सी आहे, घाबरू नका,’ असं डॉक्टर सांगतात. अर्धांगवायूची भीती गेली की लगेच दुसरा प्रश्न येतो, आणि तो प्रत्येक रुग्ण विचारतो : तोंड पूर्वीसारखं होईल का?

बहुतेकांसाठी या प्रश्नाचं उत्तर चांगलं आहे. कोपनहेगनच्या एरिक पायटरसन यांनी पंचवीस वर्षं अशा रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि २००२ साली त्या प्रसिद्ध केल्या. त्यांत बेल्स पाल्सीचे १७०१ रुग्ण होते आणि त्यांना कुठलंही औषध दिलेलं नव्हतं. आजार आपल्या वाटेनं गेला तर काय होतं, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारं दुसरं काम सापडणं अवघड. त्यातले ७१ टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले. ८५ टक्क्यांमध्ये पहिल्या तीन आठवड्यांतच थोडीफार हालचाल परतली. उरलेल्यांना तीन ते पाच महिने थांबावं लागलं. ज्यांचा चेहरा सुरुवातीपासून थोडा तरी हलत होता, त्यांच्यातले ९४ टक्के पूर्ण बरे झाले. ज्यांची एक बाजू पूर्णपणे बंद पडली होती, त्यांच्यात हा आकडा ६१ टक्के होता.

म्हणजे सगळ्यात पहिली आणि बिनखर्चाची चाचणी डोळ्यांनीच होते. डोळा अर्धा जरी मिटत असेल, ओठाचा कोपरा किंचित जरी हलत असेल, तर निम्मी काळजी तिथेच संपते. खरा पेच आहे तो पूर्ण बंद पडलेल्या चेहऱ्याचा. तिथे बाहेरून सगळे रुग्ण सारखेच दिसतात. एकाचा मज्जातंतू नुसता दबून गप्प झालेला असतो, तो महिन्याभरात पूर्ववत होईल. दुसऱ्याचे आतले धागे मेलेले असतात, त्याला वर्ष लागेल आणि तरी कसर राहील. या दोघांना वेगळं ओळखण्यासाठी विजेच्या चाचणीची गरज पडते.

चेहऱ्याचा मज्जातंतू कानामागच्या हाडातून, सुमारे तीन सेंटिमीटर लांबीच्या वळणदार बोगद्यातून बाहेर येतो. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही मज्जातंतूला हाडातून इतका लांब प्रवास करावा लागत नाही. त्यात सुमारे दहा हजार धागे असतात आणि त्यातले बहुसंख्य धागे चेहऱ्याचे स्नायू हलवण्याचं काम करतात. बोगद्याचं तोंड सगळ्यात अरुंद, जेमतेम ०.६८ मिलिमीटर. बहुधा नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिस विषाणूमुळे मज्जातंतूला सूज येते, पण फुगायला हाडात जागा नसते. तो स्वतःच्याच सुजेखाली दबतो. दाब सौम्य असला तर धाग्यांभोवतीचं मायलिनचं आवरण तेवढं बिघडतं. संदेश अडतो, पण आतला गाभा जिवंत राहतो. दाब वाढत गेला की गाभाच तुटतो. १९४३ साली ऑक्सफर्डच्या हर्बर्ट सेडन यांनी युद्धातल्या जखमींचे मज्जातंतू अभ्यासून नेमका हाच भेद मांडला होता : अडलेला मज्जातंतू वेगळा, आतून तुटलेला वेगळा आणि पुरता छाटला गेलेला वेगळा. बेल्स पाल्सीत बहुतेक वेळा पहिल्या दोन प्रकारांची सरमिसळ असते. किती धागे नुसते अडलेत आणि किती तुटलेत, हा हिशेब चाचणीनं मांडायचा असतो.

ही सगळी चाचणी एका जुन्या निरीक्षणावर उभी आहे. १८५० साली ऑगस्टस वॉलर या इंग्रज डॉक्टरनं बेडकाच्या जिभेचे मज्जातंतू कापले आणि रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. कापल्याबरोबर पुढच्या तुकड्यात काहीच बदल दिसला नाही. काही दिवसांनी मात्र तो तुकडा टोकापर्यंत विस्कटत, गोळ्यागोळ्यांत फुटत गेला. झाडावरून तोडलेली फांदी दोन-तीन दिवस हिरवीच दिसते, तसं हे आहे. मुळाशी संबंध तुटलेला असतो, पण पानांना ते अजून समजलेलं नसतं.

कानामागच्या बोगद्यात धागा तुटला, तरी गालातल्या त्याच्या पुढच्या भागाला विजेचा हलका झटका दिला तर तो पहिले दोन-तीन दिवस व्यवस्थित उत्तर देतो. चाचणी होते ती कानाखाली, बिघाडाच्या पुढे. बिघाड आत हाडात, तिथे आपली सुई किंवा चकती पोचत नाही. त्यामुळे पहिल्या तीन दिवसांत केलेल्या चाचणीचा निकाल जवळजवळ नेहमी चांगलाच येतो, आणि तो खोटा दिलासा असतो. आपल्याकडे तोंड वाकडं झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ‘एनसीव्ही (मज्जातंतूची विजेची चाचणी) करून या’ असं सांगितलं जातं आणि ‘नॉर्मल’ असा अहवाल हाती येतो. घरचे निर्धास्त होतात, आठवड्यानं तोच मज्जातंतू मेलेला निघतो आणि मग सगळ्यांचाच विश्वास उडतो. यंत्र चुकलेलं नसतं. प्रश्न वेळेआधी विचारलेला असतो.

वीज लावून चेहऱ्याचं भवितव्य सांगण्याची कल्पना नवी नाही. फ्रान्समधल्या ड्युशेन यांनी चेहऱ्याचा एकेक स्नायू विजेनं आकसवून त्याची छायाचित्रं घेतली आणि १८६२ साली ती ग्रंथरूपानं आणली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत विल्हेल्म एर्ब यांनी दाखवलं, की मज्जातंतू मेल्यावर स्नायू झटपट येणाऱ्या विजेला दाद देईनासा होतो आणि संथ विजेला मात्र सुस्तपणे वळतो. पुढे १९६३ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये लाउमान्स आणि योंगकेस यांनी एक साधी मोजपट्टी दिली. निरोगी बाजू फडफडायला किती करंट लागतो आणि आजारी बाजूला किती, ते मोजायचं, फरक ३.५ मिलिअँपिअरच्या वर गेला तर धोका समजायचा. हे यंत्र खिशात मावण्याइतकं छोटं असायचं. दोष एवढाच, की ‘फडफडलं’ की ‘नाही’, हे तपासणाऱ्याच्या नजरेवर राहायचं, आणि ज्या धाग्यांमुळे पहिली फडफड दिसते ते थोडेच असतात. बाकीच्या हजारोंचं काय झालं, हे त्यातून समजत नाही.

ती उणीव भरून काढली १९७० च्या दशकात झ्युरिकमध्ये उगो फिश आणि एस्लेन यांनी. त्यांची पद्धत आज इलेक्ट्रोन्यूरोग्राफी म्हणून ओळखली जाते. कानाचे डॉक्टर तिला थोडक्यात ‘ईनॉग’ म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळांत ती ‘फेशियल नर्व्ह कंडक्शन’ या नावानं, त्याच एनसीव्हीच्या यंत्रावर केली जाते.

रुग्ण उताणा झोपतो. नाकाच्या बाजूला, ओठाकडे उतरणाऱ्या घडीवर, दोन छोट्या चकत्या चिकटवतात. त्याआधी तिथली त्वचा स्पिरिटनं पुसतात, कारण घाम आणि तेल असलं तर नोंद बिघडते. मग कानाच्या पाळीखाली, जिथे मज्जातंतू हाडातून बाहेर येतो, तिथे दोन टोकांचा हातात धरायचा स्टिम्युलेटर ठेवतात आणि टिक्-टिक् करत करंट वाढवत नेतात. आधी निरोगी बाजू. गाल उडतो, ओठ खेचला जातो, पडद्यावर एक लाट उमटते. करंट वाढवला की लाट उंच होत जाते आणि एका टप्प्यावर थांबते. म्हणजे आता सगळे जिवंत धागे एकदम चेतले. त्याहून थोडा जास्त करंट ठेवून लाटेची उंची नोंदवतात. नंतर हेच आजारी बाजूला.

इथे कधीकधी एक विलक्षण गोष्ट दिसते. ज्या माणसाला पाच-सहा दिवस ओठाचा कोपरा इंचभरही हलवता आलेला नाही, त्याचाच ओठ यंत्राच्या झटक्यासरशी वर उडतो. स्वतःच्या इच्छेनं हलत नाही आणि विजेनं मात्र हलतो! याचा अर्थ असा, की धागे जिवंत आहेत, संदेश वर कुठेतरी अडला आहे. सहाव्या-सातव्या दिवशी हे दिसलं, तर रुग्णाला मिळणारी ती सगळ्यात चांगली बातमी असते, आणि ती तिथल्या तिथे त्याला सांगायला हवी. टेबलावर झोपलेला माणूस तंत्रज्ञाच्या चेहऱ्यावरच निकाल वाचत असतो.

हिशेब सरळ आहे. समजा निरोगी बाजूची लाट २.४ मिलीव्होल्ट उंच आहे आणि आजारी बाजूची ०.६. म्हणजे चौथा हिस्सा धागे वाचले, ७५ टक्के गेले. फिश यांनी अशा नोंदींवरून ९० टक्क्यांची रेषा आखली. आजार सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नुकसान ९० टक्क्यांपर्यंत पोचलंच नाही, तर रुग्ण बहुधा चांगला बरा होतो. ही रेषा ओलांडली, तर सुमारे निम्म्यांच्या चेहऱ्यात कमीअधिक कसर राहते. हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचा उरलेला अर्धा भाग सांगायचा राहून जातो. ९५ टक्के धागे गेल्याचा अहवाल घेऊन बसलेल्या माणसालाही चांगलं बरं होण्याची संधी असते. ‘नस मेली, आता काही होणार नाही’ हे वाक्य कुणीही, कोणत्याही अहवालावरून, उच्चारू नये.

लाट किती वेगानं घसरते, हेही आकड्याइतकंच बोलकं असतं. सहाव्या दिवशी ९० टक्के गेले असतील, तर दाब जबरदस्त होता. तेच नुकसान तेराव्या दिवसापर्यंत हळूहळू झालं असेल, तर चित्र त्यामानानं बरं. म्हणूनच जाणते डॉक्टर एका चाचणीवर थांबत नाहीत. चौथ्या दिवसानंतर सुरुवात करून, गरजेप्रमाणे दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा लाट मोजतात आणि लाटेची घसरण थांबली की मगच बोलतात.

आणि तीन आठवड्यांनंतर ही चाचणी पुन्हा निकामी होते, पण उलट्या कारणानं. तोवर काही धागे सावरायला लागलेले असतात, पण ते एका लयीत चेतत नाहीत. कुणी आधी, कुणी नंतर. त्यांचे विजेचे ठसे एकमेकांना खोडतात आणि पडद्यावर लाट उमटत नाही. चेहरा थोडा हलायला लागलेला असताना अहवालात ‘प्रतिसाद नाही’ असं येऊ शकतं. दुसऱ्या दिवशीचा अहवाल फसवा तसाच पंचविसाव्या दिवशीचाही. या चाचणीचा खरा काळ साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसाचा, फार तर तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंतचा.

आणखी दोन अडचणी आहेत. करंट जास्त झाला तर चावण्याचा स्नायू आकसतो आणि त्याची लाट चेहऱ्याच्या लाटेत मिसळते. हात सरावाचा नसेल तर मेलेला मज्जातंतू जिवंत भासतो. दुसरी अडचण मधुमेहाची. सगळा हिशेब निरोगी बाजूशी तुलना करून मांडलेला असतो. मधुमेहानं दोन्ही बाजूंचे मज्जातंतू आधीच दुबळे झाले असतील, तर तुलनेचा पायाच डळमळतो. आपल्याकडे बेल्स पाल्सीच्या कितीतरी रुग्णांना मधुमेह असतो, काहींना तर तो या आजाराच्या निमित्तानंच कळतो. अशा वेळी टक्केवारीइतकंच लाटेच्या प्रत्यक्ष उंचीकडे पाहायला हवं.

सुईची चाचणी, म्हणजे ईएमजी, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. यात करंट द्यायचा नसतो. बारीक सुई स्नायूत टोचून रुग्णाला ‘हसायचा प्रयत्न करा’ म्हणायचं आणि यंत्रात काही कडकड ऐकू येते का बघायचं. डोळ्यांना हालचाल दिसत नसताना एक-दोन धागे जरी बोलले, तरी मेंदूपासून स्नायूपर्यंतची वाट उघडी आहे हे सिद्ध होतं. ईनॉगमध्ये ९० टक्क्यांच्या वर नुकसान दिसलं, तर ही सुई आवर्जून टोचावी. दोन-तीन आठवड्यांनंतर अनाथ झालेले स्नायूतंतू आपले आपणच थरथरायला लागतात, आणि तो आवाज धागे तुटल्याची खूण असतो. पुढे, धागे पुन्हा वाढून स्नायूपर्यंत पोचले की सुईला ते आधी समजतं. चेहरा हलताना दिसायला त्यानंतरही काही आठवडे लागतात. महिनोन् महिने वाट बघणाऱ्या रुग्णाला त्या काळात एवढा आधारही खूप असतो.

भुवईवर झटका देऊन डोळ्याची उघडझाप मोजणारी ‘ब्लिंक रिफ्लेक्स’ ही चाचणी हाडातल्या बिघाडाच्या जागेतूनही संदेश जातो का, ते दाखवते. त्यामुळे पहिल्या दिवसांत तिचा थोडा उपयोग होतो. पण पूर्ण बंद पडलेल्या चेहऱ्यात ती बहुधा सापडत नाही, आणि नुकसानीचं माप ती देत नाही.

आता खरा प्रश्न : आकडा कळला, मग पुढे काय? फिश यांना तो शस्त्रक्रियेसाठी हवा होता. कानाच्या वरून कवटी उघडून बोगद्याचं अरुंद तोंड मोकळं करायचं. १९९९ साली अमेरिकेतल्या ब्रूस गँट्झ आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष मांडला, की ९० टक्क्यांच्या वर नुकसान आणि सुईला एकही जिवंत धागा न सापडलेल्या रुग्णांत चौदा दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ९१ टक्के चांगले बरे झाले, फक्त स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी ४२ टक्के. आकडे मोहात पाडणारे आहेत. पण कुणावर शस्त्रक्रिया करायची हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं, रुग्णांनी स्वतः निवडलं होतं. रुग्ण थोडे होते. आणि कवटी उघडण्यात ऐकू येणं जाण्याचा धोका असतो. २०१३ साली अमेरिकेच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं मार्गदर्शिका काढली, तेव्हा शस्त्रक्रियेच्या बाजूनं किंवा विरुद्ध कोणतीच शिफारस केली नाही. चाचणीबद्दल मात्र ती स्पष्ट आहे : चेहरा थोडा हलत असेल तर विजेची चाचणी करू नये, पूर्ण बंद असेल तर करायला हरकत नाही. माझंही मत हेच. ज्याचा डोळा अर्धा मिटतो, त्याला या चाचणीत पैसे घालवायला लावू नयेत.

मग शस्त्रक्रिया क्वचितच होते, तर पूर्ण बंद चेहऱ्याच्या रुग्णानं तरी ही चाचणी का करावी? कारण पुढचे सहा महिने कसे काढायचे, हे तिच्यावर ठरतं. लाट मोठी राहिली तर थोडी वाट बघा, एवढंच सांगायचं. लाट बसली तर तयारी वेगळी. धागे दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतात आणि वाढताना वाट चुकतात. डोळ्याकडे जायचा धागा ओठाकडे जातो. मग तीन-चार महिन्यांनी हसताना डोळा मिटायला लागतो, किंवा जेवताना एकाच डोळ्यातून पाणी येतं. हे आधी माहीत असलं तर रुग्ण घाबरत नाही, आणि आरशासमोर हळुवार, नेमके व्यायाम वेळेवर सुरू होतात. जोर लावून गाल फुगवण्यानं अशा वेळी चुकीची सवय घट्ट होते. डोळा नीट मिटायला वेळ लागणार हे ठाऊक असेल, तर बुबुळ कोरडं पडू नये याची काळजीही महिनाभर नव्हे, कित्येक महिने घेतली जाते.

इथे एक गल्लत दूर करायला हवी. चाचणीतला करंट आणि फिजिओथेरपीत रोज दिला जाणारा करंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला मोजमाप करतो. दुसरा उपचार म्हणून देतात, पण त्यानं बेल्स पाल्सी लवकर बरी होते असा भरवशाचा पुरावा नाही. पुरावा आहे तो गोळ्यांचा. स्कॉटलंडमध्ये साडेपाचशे रुग्णांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ७२ तासांच्या आत प्रेड्निसोलोन हे स्टिरॉइड सुरू केलेल्यांपैकी ९४ टक्के नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले. ते न घेतलेल्यांपैकी ८२ टक्के. म्हणजे चाचणी ज्या दिवशी पहिल्यांदा खरं बोलायला लागते, त्याच्या आधीच औषधाची वेळ निघून गेलेली असते. चाचणीच्या निकालासाठी औषध थांबवून ठेवणं म्हणून चूकच.

तेव्हा स्वतःचं किंवा घरातल्या कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मधुमेह असेल तर सांगा, कारण स्टिरॉइडच्या गोळ्यांनी साखर वाढते. रात्री डोळ्यात मलम घालून तो चिकटपट्टीनं मिटवा. कानात किंवा कानाभोवती फोड आले असतील तर ते आवर्जून दाखवा; तो रॅमसे हंट सिंड्रोम असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे. विजेची चाचणी सुचवली गेली तर विचारा : चेहरा पूर्ण बंद आहे का, आणि आज कितवा दिवस आहे? तीन महिन्यांनंतरही चेहरा पूर्ववत झाला नसेल, किंवा अशक्तपणा आठवड्यांमागून आठवडे वाढतच चालला असेल, तर ‘वाऱ्याचं दुखणं’ म्हणून सोडून न देता पुन्हा तपासून घ्या; गाठ किंवा कुष्ठरोगासारखं दुसरं कारणही त्यामागे असू शकतं.